प्रथमोपचार करताना संसर्गापासून संरक्षण

प्रथमोपचार करताना संसर्गापासून संरक्षण म्हणजे जखमी अथवा अचानक आजारी पडलेल्या व्यक्तीस तातडीची मदत देताना मदत करणाऱ्यास रुग्णाकडून, तसेच रुग्णास मदत करणाऱ्याकडून, रोगजंतूंची बाधा होऊ नये यासाठी घ्यावयाची खबरदारी होय. हातांची स्वच्छता, हातमोजे व अन्य अडसरांचा वापर, सांडलेल्या रक्ताची योग्य विल्हेवाट, लसीकरण आणि चुकून संपर्क आल्यास त्वरित करावयाची कृती ही तिची पाच प्रमुख अंगे आहेत.

ही खबरदारी मदत टाळण्यासाठी नसून मदत निर्धास्तपणे करता यावी यासाठी असते. रक्ताच्या भीतीने बघे दूर उभे राहतात आणि वेळीच दाब न मिळाल्याने जखमीचा जीव धोक्यात येतो. याउलट, भावनेच्या भरात उघड्या हातांनी मदत करणारी व्यक्ती स्वतः रुग्ण होऊ शकते. या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग साधा आहे आणि त्याला लागणारी साधने अल्पमोली आहेत.

## संसर्गाचे मार्ग

प्रथमोपचाराच्या प्रसंगी रोगजंतू मुख्यतः चार मार्गांनी पसरू शकतात.

* रक्त व शरीरद्रव: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे विषाणू रुग्णाच्या रक्तातून मदतनिसाच्या शरीरात जाऊ शकतात. त्यासाठी रक्ताला आत शिरण्याची वाट मिळावी लागते. अशी वाट म्हणजे कापलेली वा सोललेली त्वचा, सुईची किंवा काचेची टोचणी, अथवा डोळे, नाक व तोंड यांची श्लेष्मल त्वचा.
* श्वासावाटे: क्षयरोग, इन्फ्लुएंझा, कोविड-१९ यांसारखे आजार खोकला, शिंक व जवळून घेतलेल्या श्वासातून पसरतात.
* स्पर्श: जखमेतील पू, त्वचेवरील पुरळ, विष्ठा व उलटी यांच्या स्पर्शाने हात दूषित होतात. तेच हात तोंडाला किंवा डोळ्याला लागल्यास बाधा संभवते.
* परिसर: माती, गंजलेले लोखंड, सांडपाणी यांमुळे मदतनिसालाच जखम झाल्यास धनुर्वातासारख्या रोगाचा धोका असतो. येथे संसर्ग रुग्णाकडून होत नाही, तर अपघाताच्या जागेकडून होतो.

अखंड, निरोगी त्वचा हा शरीराचा उत्तम अडसर आहे. तिच्यावर रक्त सांडले म्हणून रक्तातून पसरणारा आजार होत नाही. मात्र कष्टकऱ्यांच्या हातांवर बारीक चिरा, भेगा, खरचटलेल्या जागा आणि फुटलेले फोड बहुधा असतातच, आणि ते स्वतःच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून हात अखंड आहे असे गृहीत धरू नये.

## धोक्याचे प्रमाण

धोक्याची नेमकी कल्पना असल्यास भीती आणि निष्काळजीपणा दोन्ही कमी होतात. पुढील प्रमाणे आरोग्यसेवकांना बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्याच्या घटनांवरून काढलेली आहेत.

* हिपॅटायटिस बी: लस न घेतलेल्या व्यक्तीस सुमारे ६ ते ३० टक्के
* हिपॅटायटिस सी: २ टक्क्यांपेक्षा कमी
* एचआयव्ही: सुमारे ०.३ टक्का, म्हणजे हजारात तीन

सर्वसामान्य प्रथमोपचारात पोकळ सुईचा संबंध सहसा येत नाही. त्यामुळे तेथील धोका याहून बराच कमी असतो. लोकांच्या मनात एचआयव्हीचे भय सर्वाधिक असले तरी या तिघांत अधिक सहजपणे पसरणारा विषाणू हिपॅटायटिस बीचा आहे. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस बाधा करण्याच्या स्थितीत राहू शकतो. सुदैवाने या तिघांपैकी परिणामकारक लस उपलब्ध आहे ती याच रोगावर.

## इतिहास

उपचार करणाऱ्याने स्वतःचे रक्षण करावे हा विचार वैद्यकात फार उशिरा रुजला. इ.स. १८४७ मध्ये व्हिएन्नातील न्यायवैद्यक तज्ज्ञ याकोब कोलेचका यांना शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरीने बोटाला जखम झाली आणि त्यातून झालेल्या जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांना या मृत्यूतील लक्षणे बाळंतरोगाच्या लक्षणांसारखीच दिसली. त्यावरून डॉक्टरांच्या हातांवाटे रोग पसरतो हे त्यांनी ताडले आणि क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची पद्धत सुरू केली.

रबरी हातमोजांचा शस्त्रक्रियागृहातील प्रवेशही रुग्णासाठी नव्हे, तर सेविकेसाठी झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे त्वचेचा विकार जडला. त्यामुळे १८८९-९० च्या सुमारास शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. रुग्णालाही त्यांचा लाभ होतो, हे पुढे ध्यानात आले.

### सावित्रीबाई फुले आणि १८९७ चा प्लेग

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे आहे. पुणे परिसरात प्लेगची साथ पसरली असता त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढवा येथील एका प्लेगग्रस्त मुलास सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या काळी प्लेगचा जीवाणू ज्ञात झाला होता. १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता. परंतु उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. वाल्डेमार हाफकिन यांनी आपल्या लशीची पहिली चाचणी मुंबईत स्वतःवर घेतली ती जानेवारी १८९७ मध्ये, म्हणजे सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या अवघे दोन महिने आधी. रोग कोणत्या वाटेने येतो हेच माहीत नसल्याने स्वतःला जपण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. आज तो मार्ग ठाऊक आहे, हा त्या काळात आणि या काळात मोठा भेद आहे.

### बेथ्यून आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस

सोलापूर जिल्ह्याचा या विषयाशी एक ऐतिहासिक संबंध आहे. चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या बोटाला ऑक्टोबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना जखम झाली. युद्धभूमीवर हातमोजांची वानवा होती. दूषित झालेल्या त्या जखमेतून जंतू रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पेनिसिलिन तेव्हा उपचारासाठी उपलब्ध झालेले नव्हते.

सोलापूर येथे १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकाचे सदस्य होते. बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये त्यांच्याकडे आली. डॉ. कोटणीस यांचे निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांमुळे झाले, संसर्गामुळे नव्हे. तथापि ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते त्याचे नावच बोटाच्या लहानशा जखमेने गमावलेल्या एका डॉक्टरचे स्मरण करून देणारे होते.

### सार्वत्रिक खबरदारी

एड्सच्या साथीनंतर, १९८५ ते १९८७ या काळात, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येकाचे रक्त बाधित असू शकते असे मानून वागावे हे तत्त्व मांडले. यास 'सार्वत्रिक खबरदारी' म्हटले गेले. १९९६ मध्ये ते सर्व शरीरद्रवांना (घाम वगळून) लागू करून 'प्रमाणित खबरदारी' असे नाव रूढ झाले.

## मूलतत्त्व: सर्वांसाठी एकच नियम

प्रमाणित खबरदारीचा गाभा असा, की समोरची व्यक्ती कोण आहे यावरून सावधगिरी कमी-अधिक करू नये. बाधित व्यक्ती चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. अनेकदा तिला स्वतःलाही आपल्या आजाराची कल्पना नसते. ओळखीचा सहकारी म्हणून उघड्या हाताने जखम दाबणे आणि अनोळखी स्थलांतरित मजूर म्हणून हात आखडता घेणे, या दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून नाहीत.

या तत्त्वाची दुसरी बाजू प्रतिष्ठेची आहे. सर्वांसाठी हातमोजे घातले, तर कोणा एकासाठी घातले असा अपमान कोणाचाच होत नाही. मदत करण्यापूर्वी 'तुला काही आजार आहे का?' असे विचारण्याची गरज उरत नाही. मदत करताना रुग्णाच्या आजाराविषयी काही कळल्यास ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांखेरीज अन्य कोणास सांगू नये.

## संरक्षक साधने

* हातमोजे: एकदाच वापरून टाकावयाचे नायट्राइल किंवा लॅटेक्सचे हातमोजे उत्तम. काही व्यक्तींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. त्यामुळे सामायिक प्रथमोपचार पेटीत नायट्राइलचे हातमोजे ठेवणे अधिक सोयीचे ठरते. फाटलेले हातमोजे वापरू नयेत आणि एका जखमीकडून दुसऱ्याकडे जाताना ते बदलावेत.
* मुखपट्टी: खोकणाऱ्या रुग्णाजवळ किंवा रक्त उडण्याचा संभव असताना वापरावी.
* डोळ्यांचे संरक्षण: रक्ताची चिळकांडी उडत असल्यास गॉगल किंवा साधा चष्मा उपयोगी पडतो.
* श्वास देण्याचा अडसर: एकेरी झडप असलेला छोटा मुखवटा किंवा पातळ प्लॅस्टिकचा पडदा.
* पर्यायी अडसर: हातमोजे नसल्यास हातावर चढवलेली स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाड घडी केलेला स्वच्छ कपडा. कपडा रक्ताने भिजल्यावर अडसर म्हणून निरुपयोगी होतो, हे लक्षात ठेवावे.

सर्वांत सोपा अडसर पुष्कळदा विसरला जातो. जखमी व्यक्ती शुद्धीवर असल्यास स्वतःच्या हाताने जखमेवर घट्ट दाब देण्यास तिला सांगावे. मदतनिसास हातमोजे चढविण्यास तेवढा अवधी मिळतो आणि रक्तस्रावही थांबू लागतो.

## हातमोजे काढण्याची रीत

हातमोजे घालण्यापेक्षा काढताना हात दूषित होण्याची शक्यता अधिक असते.

१. एका हाताने दुसऱ्या हातमोजाची मनगटाजवळील बाहेरची बाजू चिमटीत धरावी. उघड्या त्वचेला स्पर्श करू नये.
२. तो हातमोजा उलटा करीत ओढून काढावा व हातमोजा असलेल्या मुठीत धरावा.
३. मोकळ्या हाताची बोटे उरलेल्या हातमोजाच्या आत, मनगटाच्या बाजूने सरकवावीत.
४. तोही उलटा करीत काढावा. असे केल्याने पहिला हातमोजा दुसऱ्यात गुंडाळला जातो.
५. दोन्ही पिशवीत टाकून पिशवीचे तोंड बांधावे आणि हात धुवावेत.

## हातांची स्वच्छता

हातमोजे घातले होते म्हणून हात धुणे टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार साबण व पाण्याने हात धुण्याच्या संपूर्ण क्रियेस ४० ते ६० सेकंद लागतात. तळहात, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा आणि मनगटे चोळली जाणे आवश्यक आहे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर वापरल्यास २० ते ३० सेकंद पुरतात. परंतु हाताला रक्त, माती किंवा यंत्राचे तेल लागलेले असताना सॅनिटायझर नीट काम करीत नाही, तेथे साबणच हवा. सॅनिटायझर ज्वालाग्राही असल्याने तो चोळून हात कोरडे होईपर्यंत ठिणगी व ज्योतीपासून दूर राहावे.

शक्य असल्यास उपचारापूर्वीही हात धुवावेत, कारण उघडी जखम मदतनिसाच्या हातांवरील जंतूंमुळेही चिघळते. जोराचा रक्तस्राव होत असल्यास मात्र हात धुण्यासाठी न थांबता अडसर वापरून दाब द्यावा.

## औद्योगिक वसाहतीतील परिस्थिती

सोलापूर-पुणे राष्ट्रीय महामार्गालगत मोहोळ तालुक्यात असलेली चिंचोळी एमआयडीसी ही या विषयाचे व्यावहारिक स्वरूप समजण्यास उपयुक्त आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या वसाहतीत रसायने व औषधनिर्मितीचे उद्योग आहेत, आणि सोलापूर शहर चादर व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. मोठी रुग्णालये सोलापूर शहरात आहेत. त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंतचा मोलाचा अवधी सहकारी कामगाराच्याच हाती असतो. अशा ठिकाणी पुढील बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

### कामाचे हातमोजे आणि उपचाराचे हातमोजे

कामगाराच्या हातात हातमोजे असतात म्हणून तो सुरक्षित आहे असा समज चुकीचा आहे. सुती विणलेले हातमोजे रक्त शोषून घेतात व ते त्वचेशी धरून ठेवतात. चामडी हातमोजे उष्णता व धार यांपासून वाचवितात, पण शिवणीतून द्रव झिरपतो आणि ते निर्जंतुक करता येत नाहीत. रसायनांसाठीचे जाड रबरी हातमोजे रक्त अडवितात, तथापि त्यांवर रसायन लागलेले असल्यास ते जखमेत जाते. म्हणून उपचाराचे पातळ हातमोजे वेगळे आणि पेटीच्या सर्वांत वरच्या भागात ठेवावेत. हातमोजांसाठी पेटी उपसावी लागली, तर ते वापरले जाण्याची शक्यता कमी होते.

### कॉटन वेस्ट व चिंध्या

यंत्र पुसण्यासाठी ठेवलेली कॉटन वेस्ट अथवा चिंध्या हाताशी असतात, म्हणून घाईत त्याच जखमेवर दाबल्या जातात. तेल, धातूचा चुरा आणि धूळ यांनी त्या भरलेल्या असल्याने जखम दूषित होते, आणि धातूचे कण दाब देणाऱ्याच्या बोटातही रुततात. निर्जंतुक गॉज नसल्यास धुतलेल्या स्वच्छ टॉवेलची जाड घडी केव्हाही श्रेयस्कर.

### रसायन आणि रक्त एकत्र असल्यास

रसायन अंगावर सांडलेल्या जखमीच्या बाबतीत आधी रसायनापासून स्वतःचे रक्षण करावे लागते. अंगावर भरपूर पाणी सोडणारा आपत्कालीन शॉवर व डोळे धुण्याची सोय कोठे आहे हे प्रत्येकास ठाऊक असावे. विषारी वायूने बेशुद्ध पडलेल्या व्यक्तीस वाचविण्यासाठी टाकीत, खड्ड्यात किंवा बंद जागेत श्वसनसाधनाशिवाय उतरू नये. तेथे साधी मुखपट्टी उपयोगाची नाही. अशा अपघातांत एकामागोमाग उतरलेले मदतनीस दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडतात.

### सूचनांची भाषा

सोलापूर परिसरातील कामगारवर्गात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू व हिंदी बोलली जाते. म्हणून प्रथमोपचार पेटीजवळील सूचना कामगारांना समजतील अशा भाषांत आणि चित्रांसह असाव्यात.

## प्रसंगानुरूप खबरदारी

### रक्तस्राव

हातमोजे घालून जखमेवर स्वच्छ गॉजची घडी ठेवावी व सलग, घट्ट दाब द्यावा. घडी भिजल्यास ती न काढता तिच्यावर दुसरी घडी ठेवावी. जखमेत खोल रुतलेली काच किंवा धातूचा तुकडा ओढून काढू नये. त्यामुळे रक्तस्राव वाढतो आणि मदतनिसाचा हातही कापतो. अशा वेळी वस्तूच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा. फरशीवरील काच हाताने उचलू नये, सुपली व झाडू किंवा चिमटा वापरावा.

### हृदयक्रिया बंद पडल्यास

छातीवर दाब देण्यात संसर्गाचा धोका अत्यल्प असतो. प्रौढ व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. तोंडाने श्वास देण्याची तयारी किंवा अडसर नसल्यास केवळ छातीदाब देणेही मान्य पद्धत आहे. रुग्णाच्या नाकातोंडावर हलकेच कापड टाकता येते. बुडालेली व्यक्ती व लहान मूल यांच्या बाबतीत कृत्रिम श्वासाचे महत्त्व अधिक असते, त्यासाठी पेटीत श्वासाचा मुखवटा असावा. विषबाधा झालेल्या व्यक्तीस थेट तोंडाने श्वास देऊ नये. संसर्गाच्या भीतीने छातीदाब टाळणे हा रुग्णासाठी कितीतरी मोठा धोका आहे.

### खोकला व रक्ताची उलटी

रुग्णास शक्य असल्यास मुखपट्टी द्यावी, स्वतःही लावावी, खिडक्या-दारे उघडावीत आणि समोरून न बसता बाजूने मदत करावी. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास रुग्णावर मुखपट्टीची सक्ती करू नये.

### प्राण्याचा चावा

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे हा अत्यंत महत्त्वाचा प्रथमोपचार आहे. धुताना हातमोजे घालावेत आणि पाणी डोळ्यांत-तोंडात उडू देऊ नये. नंतर रुग्णास लशीसाठी त्वरित दवाखान्यात न्यावे. सर्पदंशाची जखम तोंडाने चोखू नये. त्याने विष निघत नाही, उलट दोघांनाही अपाय होतो.

## सांडलेल्या रक्ताची स्वच्छता

१. जागा मोकळी करावी व हातमोजे घालावेत.
२. रक्तावर कागद किंवा टाकाऊ कापड टाकून ते टिपून घ्यावे.
३. त्या जागी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतून ३० मिनिटे राहू द्यावे. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग व पाण्याचे चार भाग मिसळल्यास १ टक्का द्रावण होते. सुमारे ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर लिटरभर पाण्यात ३३ ग्रॅम घातल्यासही जवळपास तेवढीच तीव्रता मिळते. द्रावण दररोज ताजे करावे.
४. पुसून घेऊन जागा पाण्याने धुवावी.

हे द्रावण शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. धातूच्या यंत्रभागांना ते गंजविते, म्हणून ते भाग नंतर पाण्याने पुसून कोरडे करावेत. द्रावण जखमेवर किंवा त्वचेवर वापरू नये.

रक्ताने माखलेले गॉज व हातमोजे नेहमीच्या कचऱ्यात उघडे टाकल्यास पुढचा बळी सफाई कामगार ठरू शकतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रक्ताने माखलेले कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोज्यांसारख्या दूषित प्लॅस्टिक वस्तू लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या पंक्चररोधक डब्यात, आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात टाकली जाते. शाळांच्या प्रथमोपचार कक्षांचाही या नियमांत स्पष्ट उल्लेख आहे.

## संपर्क आल्यास करावयाची कृती

* टोचणी किंवा कापणे: जागा त्वरित साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, घासू नये, बोट तोंडात घालू नये. कापलेले बोट चोखण्याची सवय जवळपास सर्वांना असते. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या बोटाच्या बाबतीत तीच घातक ठरते.
* डोळे: डोळे उघडे ठेवून स्वच्छ पाण्याने १० ते १५ मिनिटे धुवावेत. साबण वापरू नये.
* तोंड: थुंकून टाकावे आणि पाण्याने पुन्हा पुन्हा चूळ भरावी.

त्यानंतर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी दिली जाणारी औषधे शक्य तो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यावयाची असतात. त्यांची गरज आहे किंवा नाही हे डॉक्टर ठरवितात. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीस लस व आवश्यकतेनुसार प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले जाते. घटना लपवू नये. कारखान्यातील अपघात नोंदवहीत दिनांक, वेळ व प्रकार नोंदवून घ्यावा. ती नोंद पुढे उपचारासाठी आणि हक्कांसाठी उपयोगी पडते.

## लसीकरण

हिपॅटायटिस बीच्या लशीच्या तीन मात्रा प्रौढांना सामान्यतः ०, १ व ६ महिन्यांनी देतात. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २०११-१२ च्या सुमारास देशभर समाविष्ट झाली. म्हणजे आज कारखान्यांत काम करणाऱ्या बहुसंख्य प्रौढांना ती बालपणी मिळालेली नाही. प्रथमोपचारकाची जबाबदारी सोपविण्यापूर्वी ही लस देणे इष्ट असते. धनुर्वाताच्या लशीची मात्राही वेळोवेळी घ्यावी.

## कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, तिच्यासाठी प्रमाणपत्रधारक जबाबदार व्यक्ती, आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष बंधनकारक केला होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० मध्ये या अधिनियमासह १३ कायदे एकत्र करण्यात आले. कामाच्या सर्व वेळात सहज हाती येईल अशा प्रथमोपचार पेटीची तरतूद तीतही आहे.

रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ द्वारे समाविष्ट झालेल्या कलम १३४ अ ने दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे. महामार्गालगतच्या वसाहतीतील कामगारांना या तरतुदीची माहिती असणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व आपत्कालीन सेवांसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

## गैरसमज

* 'बाधित व्यक्तीला स्पर्श केल्याने एचआयव्ही होतो.' स्पर्श, घाम, अश्रू किंवा एकत्र जेवणाने तो होत नाही.
* 'जखमेवर हळद, चहापत्ती किंवा चुना लावला की जंतू मरतात.' हे पदार्थ निर्जंतुक नसतात. त्यांमुळे जखम साफ करणे अवघड होते व ती चिघळू शकते.
* 'दोन हातमोजे एकावर एक घातले की धोका उरत नाही.' सुई व काच दोन्ही भेदू शकतात.
* 'साधने नसतील तर मदत करूच नये.' साधने नसतानाही १०८ ला कळविणे, जखमीला स्वतः दाब देण्यास सांगणे, वाहतूक थांबविणे आणि धीर देणे ही मदतच असते.

## हे सुद्धा पहा

* प्रथमोपचार
* सावित्रीबाई फुले
* द्वारकानाथ कोटणीस
* हिपॅटायटिस बी
* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ